सुभेदाराचे आजोबा

घसा बसलाय माझा, पण तुम्ही सोडाल तर शपथ! ऐका मग.

मठात चांगाइसा नावाची संन्यासिनी पोथीची नक्कल उतरवत होती; पंथ स्थापणाऱ्या गुरूला हे लोक 'देव' म्हणत, त्याच्याच आठवणींची ती पोथी. तेवढ्यात सुभेदार रंगोजीराव शिपाई घेऊन आत घुसला अन् गरजला, "या पोथीत लिही, माझे आजोबा देवाचे पट्टशिष्य होते! नाहीतर पोथी जाळतो!"

चांगाइसेनं बोरू उचलला. "जाळलीत तर दुसऱ्या मठातल्या नकलेवरून पुन्हा उतरवू, सरकार. अन् लिहायचं तर लिहिते की! पण जत्रेत सगळ्या मठांच्या पोथ्या शेजारी मांडून आम्ही ओळीनं ओळ ताडतो. बाकी कुठंच आजोबा सापडले नाहीत, तर लोक विचारतील, हे याच मठात कुठून उपटले?"

शिपाईच फिसकन् हसले! रंगोजीराव लालबुंद होऊन चालता झाला. पोथी बचावली!

मागच्या खेपेला ही गोष्ट ऐकून थाप म्हणणाऱ्या आपल्या गावच्या सदू पाटलानं मात्र अजून माझी माफी मागितलेली नाही.