मालकासकट गणवेश

माळसांगवी नावाचं एक गाव होतं आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता. तसा भोळेपणा प्रत्येक गावाच्या वाट्याला थोडाथोडा येतो, पण माळसांगवीकरांनी आपला सगळा वाटा एकट्या केरबाला देऊन टाकला होता. अंगानं दणकट, कामाला वाघ, आणि सांगितलेला शब्द खाली पडू द्यायचा नाही. अडचण एवढीच, की तो जे सांगितलं तेच करायचा.

केरबा कामाला होता श्रीपतराव जगदाळ्यांकडे. श्रीपतराव शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. गाव त्यांना नाना म्हणायचं. नानांना एक वेड होतं. विमानदळाचे जुने गणवेश, टोप्या, बिल्ले, बटणं जमवायची. वेडाला कारणही होतं. त्यांचे वडील महायुद्धात विमानांची इंजिनं दुरुस्त करायचे. ते वारल्यावर आईनं त्यांचा गणवेश बोहारणीला दिला आणि त्याच्या बदल्यात एक पातेलं घेतलं. पातेलं चांगलं जाड बुडाचं होतं. पण त्यातली आमटी नानांना कधी गोड लागली नाही. तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा गणवेश बोहारणीच्या बोचक्यात जाऊ नये, म्हणून हा माणूस लोकांच्या पेट्या धुंडाळत फिरायचा.

शहरातल्या एका संग्रहालयानं नानांच्या या पसाऱ्याला एक दालन द्यायचं कबूल केलं होतं. दालनाला नाव नानांच्या वडिलांचं. पण तिथल्या पोंक्षेबाईंनी एक खोडा घातला होता. "बाकी सगळं आहे," त्या म्हणाल्या, "पण खऱ्या वैमानिकाचा पुरा गणवेश नाही. छातीवर पंखांचा बिल्ला असलेला. तो आणा, दालन तुमचं."

असा गणवेश सगळ्या पंचक्रोशीत एकाच घरी होता. शेजारच्या गावचे दाजीसाहेब घोरपडे तरुणपणी लढाऊ विमान चालवायचे. आता नव्वदीला टेकले होते, पण आवाज तसाच. मुंबईचे व्यापारी येऊन गेले, पुण्याचे हौशी येऊन गेले. दाजीसाहेबांनी सगळ्यांना पाणी दिलं आणि वाटेला लावलं. नानांनी मात्र चिकाटी सोडली नव्हती. झोपेतसुद्धा त्यांना ते पंख दिसायचे.

तर अशा घरात केरबा कामाला लागला. नानांनी बाजारातून आणलेला एक निळसर राखाडी लोकरी कोट त्याच्या हाती दिला आणि म्हणाले, "हा फार मोलाचा आहे. याच्याकडे नीट बघ."

केरबानं नीट बघितलं. कोट मळका होता. त्यानं तो ओढ्यावर नेला, सोड्यात भिजवला, धोंड्यावर आपटला, बटणं चिंचेनं घासली आणि कोट उन्हात वाळत घातला. संध्याकाळी कोट घरी आला तेव्हा तो एखाद्या मोठ्या बाहुलीला बसला असता. बटणं मात्र झकास चमकत होती.

नानांनी तो कोट आपल्या छातीला लावून बघितला. मग म्हणाले, "अरे, जुन्या जिनसेला पाणी लावायचं नसतं. तिच्यावरचा मळ हीच तिची ओळख. कळलं?"

"कळलं की, नाना. जुन्याला पानी न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांच्या आई न्हाणीघरात पाटावर बसून राहिल्या. त्यांना सगळे माई म्हणत. ऊन पार अंगणात आलं तरी माईंना गरम पाणी मिळेना. शेवटी त्यांनी हाका मारून घर डोक्यावर घेतलं.

"केरबा, माईंना पाणी का नाही दिलं?" नानांनी विचारलं.

"माई लई जुन्या हायत, नाना. मळ गेला तर वळखायच्या कशा?"

माईंनी हे ऐकलं आणि तिथूनच तांब्या फेकला. तो केरबाला लागला नाही, नानांना लागला.

नाना कपाळ चोळत म्हणाले, "माणसांचं नको बघूस. कापडाचं बघ. कापड खरं की खोटं ते असं ओळखायचं: कॉलर उलटी करायची आणि आतला शिक्का वाचायचा. बटणावर मुकुट असला तर राजाच्या काळातलं. सिंह असले तर स्वराज्यातलं. आणि काहीच नसलं, तर कुणीतरी आपल्याला फसवतोय."

"समदं ध्येनात ठेवतो," केरबा म्हणाला. आणि ठेवलंही.

त्याच आठवड्यात सरपंचांच्या मुलाचं लग्न होतं. मंडपात नवरदेव सुटाबुटात उभा, गळ्यात हार, शेजारी सासरेबुवा. लोक अक्षता टाकायला रांगेनं येत होते. केरबाची पाळी आली. त्यानं अक्षता टाकल्या, हार बाजूला सारला, नवरदेवाची कॉलर धरून उलटी केली आणि अक्षरं जुळवत मोठ्यानं वाचलं. आत तालुक्याच्या एका बँडवाल्याचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'धुऊन परत करणे'. मग केरबानं बटणं बघितली.

"मुकुट न्हाय, सिंव्ह न्हाय," तो सासऱ्यांना काळजीनं म्हणाला. "पावनं, तुमाला फसीवत्यात."

सासरे आधीच हुंड्यावरून कावलेले. त्यांनी आपली माणसं उठवली, सरपंचांनी आपली उठवली, आणि वाढलेली पानं तशीच राहिली. लग्न लागलं, पण दिवस मावळता मावळता, आणि जिलबीचा पार दगड झाल्यावर.

नाना आता रडकुंडीला आले होते. "केरबा, माझ्या बापा, माणसाच्या अंगावर जे आहे त्याला हात लावायचा नाही. अंगावरून उतरवून ठेवलेलं असेल तेच तपासायचं, आणि पटलं तरच आणायचं."

"अंगावरचं न्हाय. उतरीवल्यालं," केरबानं घोकलं.

पुढं चार दिवस केरबा उतरवलेल्या कपड्यांच्या शोधात होता. नदीच्या घाटावर ते त्याला सापडले. गावातला एक जवान विमानदळातून सुट्टीवर आला होता. एसटीतून उतरला तो थेट नदीवर गेला. गणवेश काढून घडी करून दगडावर ठेवला आणि पाण्यात शिरला. केरबानं कॉलर उलटी केली. शिक्का होता. बटणं बघितली. सिंह होते. माल खरा आहे याबद्दल त्याला शंका उरली नाही. त्यानं गणवेश बगलेत मारला, टोपी डोक्यावर ठेवली आणि घरचा रस्ता धरला.

थोड्या वेळानं गावातून एक जवान केळीचं पान धरून पळत आला. त्याची आईही स्वागताला वेशीपर्यंत आली होती. ते स्वागत गावाला पुष्कळ दिवस पुरलं.

नानांनी हात जोडून गणवेश परत केला, जवानाला चहा पाजला, स्वतःचा सदरा दिला. तो गेल्यावर त्यांनी केरबाला समोर बसवलं. या वेळी ते रागावले नाहीत. त्यांना वडिलांची आठवण आली होती.

"ऐक केरबा. गणवेश त्याच्या माणसापासून तोडायचा नसतो. कोण होता, कुठं लढला, कुणाचा मुलगा, हे सगळं त्याच्याबरोबर राहिलं पाहिजे. माणसापासून तुटला की उरतं नुसतं कापड. मग बोहारीण आली काय आणि संग्रहालय आलं काय, सारखंच. म्हणून जिनस येईल तशी ठेवायची. बिल्ला उसवायचा नाही, बटण तोडायचं नाही. काचेच्या कपाटात ठेवायची, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या घालायच्या, कुलूप लावायचं. आणि किल्ली परक्याच्या हाती लागता कामा नये."

केरबाच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्यालाही बाप नव्हता. "तोडनार न्हाय, नाना," तो म्हणाला. हे त्याला अगदी मनापासून पटलं होतं, आणि खरा घोटाळा तिथंच झाला.

कारण त्यानंतर दाजीसाहेबांचा निरोप आला. 'उद्या मी स्वतः येतो. तुम्ही वस्तू सांभाळता कशा ते डोळ्यांनी बघतो. पटलं तर गणवेश देईन. नाही पटलं तर जाळून टाकीन, पण पुन्हा दारात येऊ नका.'

नानांना आनंदानं जेवण जाईना. त्यांनी पोंक्षेबाईंना फोन करून बोलावून घेतलं. सकाळी ते बाईंच्या जीपला वाट दाखवायला फाट्यावर गेले. जाताना केरबाला बजावलं, "दाजीसाहेब आले तर त्यांचा नीट सांभाळ कर. आज सगळं तुझ्यावर आहे."

दाजीसाहेब लवकर आले. बैलगाडीतून आले, आणि आले ते गणवेश घालून. शेवटचा एकदा अंगावर घालावा, असं त्यांच्या मनात आलं होतं. निळसर राखाडी कोट अंगावर ढगळ झाला होता, पण छातीवर पंख होते आणि पंखांच्या मध्ये मुकुट होता. केरबा बघतच राहिला. अंगावरच्याला हात लावायचा नाही, हे त्याला आठवलं. म्हणून त्यानं अदबीनं विचारलं, "आजोबा, ह्यो उतरीवनार काय?"

"उतरवतोय कशाला?" दाजीसाहेब गुरकावले. "मी आणि हा इतकी वर्षं बरोबरच आहोत."

केरबाला फार बरं वाटलं. नाना म्हणाले होते अगदी तसंच होतं. त्यानं दाजीसाहेबांना अलगद उचललं. दाजीसाहेबांना वाटलं, हा आपल्याला खुर्चीवर बसवतोय. त्यांना हल्ली कुणीही उचलायचं. केरबानं त्यांना काचेच्या कपाटात उभं केलं. खिशांत कडुनिंबाचा पाला भरला. पायाशी डांबराच्या गोळ्या ठेवल्या. कुलूप दाबलं. राहिली किल्ली. ती परक्याच्या हाती लागू नये अशी जागा घरात एकच होती. कपाटाला वर हवेची भोकं होती. केरबानं किल्ली त्यातून आत टाकली. दाजीसाहेब आत ताठ उभे राहून हा सांभाळ बघत होते; त्यासाठीच तर ते आले होते.

नाना पोंक्षेबाईंना घेऊन आले. बाई कपाटासमोर थांबल्या. चष्मा पुसून पुन्हा लावला.

"जगदाळे, हे कधी मिळवलंत? आणि पुतळा कुणी केला? सुरकुत्यासुद्धा हुबेहूब आहेत."

"पुतळा न्हाय बाई," केरबा म्हणाला. "मालकासकट हाय."

पुतळ्यानं भुवया आवळल्या. नानांनी धावत जाऊन कुलूप ओढलं. ते म्हणाले, "केरबा, किल्ली."

"आत हाय."

"आत कुठं?"

"आत. त्यांच्या पायाशी. परक्याच्या हाती लागायची न्हाय, काळजी करू नगा."

कपाट अरुंद. दाजीसाहेबांना वाकता येईना. शेवटी केरबानंच हिसका मारून कडी उपटली. नाना मान खाली घालून उभे राहिले. दालन गेलं, गणवेश गेला, वडिलांचं नावही गेलं, हे त्यांना दिसत होतं.

दाजीसाहेब बाहेर आले. खिशातला पाला काढून त्यांनी हुंगला. पायाशी पडलेल्या गोळ्या बघितल्या. मग केरबाकडं बघितलं.

"आजवर जो आला त्याला माझा बिल्ला हवा होता," ते म्हणाले. "मीही पाहिजे म्हणणारा हा पहिलाच. सांभाळ चांगला आहे तुमचा, जगदाळे. हवा तेवढी जरा कमी पडते."

आणि त्यांनी कोटाची बटणं सोडायला घेतली. नानांना रडू आवरेना. पोंक्षेबाईंनी दालन कबूल केलं, तिथल्या तिथं. दाजीसाहेबांनी नानांचा सदरा घातला, धोतर नेसलं, पोटभर पुरणपोळी खाल्ली आणि ओसरीवर आडवे होऊन घोरू लागले.

नानांनी केरबाला बाजूला घेतलं. "हे बघ, जे झालं ते झालं. पण माणसाला कपाटात ठेवायचं नसतं. कळलं?"

"कळलं. कपाटात न्हाय."

"शाबास. आता बाईंचा चहा होईपर्यंत गणवेश जीपमध्ये मागं नीट ठेव."

केरबानं ठेवला. चहा झाला, नमस्कार झाले, जीप धुरळा उडवत निघून गेली. नाना हसतमुखानं ओसरीवर आले. ओसरी रिकामी होती.

"केरबा, दाजीसाहेब कुठं गेले?"

"गणवेशासंगं गेलं की. जीपमदी मागं निजीवलंय. तोडायचं न्हाय म्हनलासा न्हवं?"

नाना मटकन खाली बसले. त्यांचा चेहरा बघून केरबाला दया आली.

"घाबरू नगा, नाना," तो म्हणाला. "झोपमोड केली न्हाय. आन् काच उगडी ठेवलीया. मगाशी हवा कमी पडली हुती त्यास्नी."