बुधवारचा डबा

"मग चूक कुठे झाली, ते तरी सांगा!"

रजनीबाईंनी डबा चटईवर ठेवला. झाकणावर 'बुधवार' लिहिलेलं. वळणदार अक्षर, शाळेतल्या बाईंचं.

समोर गोदाअक्का ओली कोथिंबीर जुन्या धोतरावर पसरत होत्या. नदीकाठच्या या मठात वीस बायका सतरंज्या विणतात. त्यांच्या आठवडाभराच्या कोशिंबिरी अक्का रविवारीच चिरून ठेवतात, आणि गुरुवारीसुद्धा गाजर दाताखाली कर्रकन वाजतं, असं रजनीबाईंनी ऐकलं होतं.

"मीही रविवारीच करते, अक्का. पाच दिवसांचे पाच डबे. गाजर, कोबी, काकडी, मोड आलेले मूग. मीठ, लिंबू, कूट, सगळं मोजून. त्यांना नुसतं झाकण उघडायचं असतं."

"आणि?"

"डबा भरलेला परत येतो." त्यांचा आवाज खाली आला. "तीन महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. डॉक्टर म्हणाले, खाणं बदललं नाही तर पुन्हा येईल. आणि हे डेपोच्या कँटीनमध्ये भजी खातात... मला रात्र रात्र झोप नाही."

अक्कांनी डबा उघडून तिरका केला. गुलाबी पाणी काठाशी आलं. तळाशी काकडी मलूल पडली होती.

"मोजण्यात चूक नाही," रजनीबाई घाईने म्हणाल्या. "मी गणित शिकवते."

"हात पुढे कर."

अक्कांनी त्यांच्या तळव्यावर चमचाभर कोचवलेली काकडी ठेवली. वर चिमूटभर मीठ.

"मूठ मीट. घट्ट."

रजनीबाईंनी मूठ मिटली.

...

आतून हातमागांची खटखट ऐकू येत होती. अक्का कोथिंबिरीची एकेक काडी पालथी करत होत्या.

बोटांच्या फटीतून पाणी ठिबकलं. मनगटावरून ओघळत कोपरापर्यंत गेलं.

"अक्का, किती वेळ?"

"तू रविवारपासून धरलीयेस."

रजनीबाईंनी मूठ उघडली. तळव्यावर काकडीचा मलूल गोळा उरला होता.

"यजमान कुठे आहेत?"

"बाहेर, स्कूटरपाशी. म्हणाले, घरी एक मास्तरीण पुरे."

अक्का हसल्या. दारातूनच हाक मारली, "अहो स्कूटरवाले! जेवायला या."

विश्वासराव बिचकत आत आले आणि भिंतीला टेकून बसले. अक्कांनी फ्रिजमधून डबा काढून त्यांच्यापुढे ठेवला. हाही रविवारचाच. गाजर, कोबी, मूग, सगळं कोरडं, आपापल्या थरात. शेजारी अख्खी काकडी, अर्धं लिंबू, कुटाची वाटी आणि मिठाची इवलीशी पुडी. सोबत सुरी.

विश्वासरावांनी बायकोकडे पाहिलं. मग अक्कांकडे.

"यात काही घातलेलंच नाही?"

अक्कांनी सुरी त्यांच्याकडे सरकवली.

रजनीबाईंचा हात सवयीने पुडीकडे गेला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो मागे घेऊन पदराखाली ठेवला.

विश्वासरावांनी काकडीचं टोक कापलं, जिभेला लावून कडू नाही ना ते पाहिलं. जाड जाड फोडी केल्या. लिंबू पिळलं. पुडी सोडली.

"अहो, मीठ..." रजनीबाईंच्या तोंडून निघालंच.

"त्यांना चालेल तेवढंच बांधलंय," अक्का हळूच म्हणाल्या.

विश्वासरावांनी कालवलं. एक घास घेतला. थांबले. अजून थोडं कूट घातलं. दुसरा घास.

कर्रकन आवाज झाला.

 हा आवाज रजनीबाईंच्या घरात कधी झाला नव्हता.

"मिरची आहे का एखादी?" विश्वासरावांनी विचारलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ते जेवताना काही मागत होते.

अक्कांनी मिरची दिली. विश्वासरावांनी ती बोटांनीच मोडली. डबा रिकामा झाला तेव्हा तळ कोरडा होता. ते उठले आणि स्वतःच डबा धुवायला नळावर गेले.

रजनीबाईंनी वाकून अक्कांच्या पायांना हात लावला. तळवा अजून ओलाच होता.

"तीन महिने मी सगळं केलं, अक्का. सगळं... तुम्ही असं काय केलंत?"

अक्कांनी सुकलेली कोथिंबीर धोतरात गुंडाळली.

"मी? मी मीठ घातलं नाही."