वाकडी गाठ

तैलचित्रांचे आपल्याकडे अजून नवल होते, त्या काळी एका वृद्ध चित्रकाराकडे एक कापडाचा व्यापारी आपले चित्र काढून घ्यायला येत असे. पगडी, जरीकाठी उपरणे, पांढराशुभ्र अंगरखा, असा सगळा दरबारी थाट. पगडी हलेल या धास्तीने बिचारा शिंकसुद्धा दाबून धरी. थाट एवढा चोख, पण अंगरख्याच्या बंदांची छातीवरची गाठ मात्र रोज वाकडी. एकदा चित्रकाराचा शिष्य ती नीट करायला पुढे झाला, तेव्हा शेटजींनी त्याचा हात हळूच बाजूला केला.

"राहू दे रे. घरून बायकोनं बांधून दिलीय," ते म्हणाले. "तिला आता दिसत नाही. पण ही गाठ दुसऱ्या कुणाला बांधू देत नाही. हे चित्रसुद्धा तिच्यासाठीच आहे. मी आधी गेलो, तर घरात तिला माझी सोबत हवी."

चेहरा गुरूंनी रंगवला आणि अंगरखा शिष्यावर सोपवला. गुरूंच्या चित्राला हात लावायची त्याची ही पहिलीच वेळ. जीव ओतून त्याने काम केले आणि गाठ अगदी सरळ, गुळगुळीत, देखणी काढली. गुरूंनी ती पाहिली, सुरी घेतली आणि ओला रंग खरवडून टाकला. मग दाट रंगाचे थर चढवत तिथे एक वाकडी, ओबडधोबड, वर आलेली गाठ उभी केली. शिष्याचे डोळे भरून आले.

"माझं काय चुकलं, गुरुजी?"

"हात चांगला आहे तुझा. पण बाळा, तू अंगरखा पाहिलास आणि तो बांधणारीला विसरलास. चित्र कुणासाठी आहे, ते शेटजींनी सांगितलं होतं ना आपल्याला?"

शिष्याला मात्र ते पटले नव्हते.

रंग पुरता वाळल्यावर शेटजी पत्नीला हाताला धरून घेऊन आले. ती चित्रापुढे अवघडून उभी राहिली.

"मला काय कळणार यातलं," ती म्हणाली.

"हात लावून पाहा, बाई," गुरू म्हणाले.

तिची बोटे कापडावरून चाचपडत गेली आणि गाठीपाशी थांबली. तिने ती पुन्हा चाचपून पाहिली.

"ही तर माझीच गाठ," ती म्हणाली. मग शेटजींकडे वळून म्हणाली, "अहो, इतकी वाकडी बांधते मी? आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"मला तर ती सरळच वाटत आली," शेटजी म्हणाले.

ती हसली, पण गाठीवरचा हात तिने काढला नाही. शिष्याने न सांगताच एक खुर्ची आणून तिच्यामागे ठेवली, म्हणजे तिला हवा तेवढा वेळ तिथे बसता येईल.