मध इमामच्या घरी

तापलेले भांडे पाण्यात बुडवले की चर्र असा आवाज होतो. दामोदरने तो लहानपणी रोज ऐकला होता. तांबट आळीत एका बाजूला नारो तांबट घागर ठोकायचा आणि समोरच्या पडवीत इमाम कल्हईवाला भांड्यांना कल्हई करायचा. ठोके थांबले की चर्र व्हायचे, आणि मग दोघांपैकी कोणीतरी मोठ्याने हसायचे. पुढे एका लग्नघरचे घंगाळ गळले. नारो म्हणाला, इमामने जास्त तापवले. इमाम म्हणाला, नारोने पत्रा पातळ ठोकला. झाले, इमामने भाता उचलला आणि तो बाजारतळापलीकडे राहायला गेला. त्याला बारा वर्षे झाली. आता दोघेही म्हातारे होते, दोघांचेही काम सुटले होते, आणि दामोदर गावातल्या वृद्ध वैद्यबुवांकडे विद्या शिकत होता.

त्या वैद्यबुवांच्या ओसरीवर एकदा एक सून आली. नारोची.

“मामंजी जेवत नाहीत हो,” ती म्हणाली. “अंथरुणावरून उठत नाहीत. आम्ही काही कमी करत नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात नेऊन देतो. तरी म्हणतात, आता माझं काय राहिलंय!” तिचे डोळे भरून आले.

वैद्यबुवा दामोदरला घेऊन गेले. त्यांनी नारोची नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिले, गुडघे वाकवून पाहिले. रोग काही सापडला नाही. पाय मात्र पडून पडून काटकुळे झाले होते. परतताना ते बाजारतळापलीकडे वळले आणि इमामलाही तपासून आले. त्याची मुले परगावी होती. एकदा भाकऱ्या थापायच्या आणि त्याच दोन दिवस चघळायच्या, असे त्याचे चालले होते.

मग वैद्यबुवांनी एक विचित्र गोष्ट केली. चूर्णाच्या पुड्या त्यांनी नारोकडे दिल्या, आणि ज्या मधात ते चूर्ण घ्यायचे त्या मधाची बरणी इमामच्या घरी ठेवली. सकाळी आणि संध्याकाळी दोघांनी औषध घ्यायचे. मध मात्र तिथून हलवायचा नाही.

“गावात दुसरा मध नाही का?” नारो चिडला.

“आहे की. पण तुला हाच लागू पडेल,” वैद्यबुवा म्हणाले.

गावाला हसायला विषय मिळाला. बुवांना म्हातारचळ लागला, असे लोक म्हणू लागले. दामोदरला मान वर करून चालण्याची लाज वाटू लागली.

पहिल्या दिवशी त्यानेच नारोला हाताला धरून नेले. वाटेत तीनदा बसावे लागले. इमाम दारातच होता.

“आलास? मला वाटलं, गेलास वर.”

“वर गेलो असतो तर तुझं तोंड बघायची पाळी आली असती का? मध काढ.”

“आधी पुडी सोड. तुझ्या पत्र्यासारखी पातळ नाही ना?”

दोघांनी चाटण चाटले, तोंडे वाकडी केली, आणि नारो उठला. त्या संध्याकाळी त्याने घरी अर्धी भाकरी जास्त मागितली.

पाचव्या दिवशी मात्र परतीच्या चढावर धापा टाकणारा तो म्हातारा पाहून दामोदरचे काळीज हलले. त्याने गुरुजींना न सांगता अर्धा मध वाटीत काढून नारोच्या घरी पोचवला आणि अर्ध्या पुड्या इमामकडे दिल्या. दोघांनी त्याला तोंडभर आशीर्वाद दिले.

आठ दिवसांनी नारोची सून पुन्हा ओसरीवर उभी. “मामंजी परत उठेनात हो.”

दामोदरने मान खाली घातली आणि सगळे सांगून टाकले. वैद्यबुवा रागावले नाहीत. खलबत्ता बाजूला सारून ते हळूहळू बोलले.

“अरे, तू चांगल्या मनानंच केलंस. त्याच्या घरचेही चांगल्या मनानंच करतात. सगळं हातात आणून देतात, म्हणून त्याला उठायला कारणच उरलं नाही. उठणं नाही म्हणून भूक नाही, भूक नाही म्हणून अंगात बळ नाही. मी त्याला दिवसातून दोनदा जायला एक ठिकाण दिलं होतं, आणि तिथं भांडायला एक माणूस. ते तू घरपोच करून टाकलंस!”

बोलता बोलता त्यांनाच हसू आले. सूनही पदराआड हसली.

दामोदरने त्याच दुपारी मध इमामकडे परत नेला आणि तिथल्या पुड्या नारोला आणून दिल्या. नारोने त्याला चार शिव्या हासडल्या, पण संध्याकाळी काठी घेऊन निघाला. असे दोन महिने गेले. आधी तो वाटेत तीनदा बसायचा, मग एकदा, मग तेही बंद झाले. इमाम रोज ताज्या भाकऱ्या थापू लागला, दोघांपुरत्या. घंगाळाचा वाद रोज निघायचा आणि रोज अर्धा राहायचा, म्हणून उद्या पुन्हा जावेच लागायचे.

मग एका सकाळी नारो एकटाच ओसरीवर आला.

“वैद्यबुवा, पुड्या संपल्या.”

“आता नकोत. बरा झालास तू.”

“असं कसं? मध उरलाय अजून!”

“नारोबा, सुंठ आणि खडीसाखर होती ती. तुझ्या सुनेच्या फडताळातही असेल.”

 नारोने स्वतःच्या पायांकडे पाहिले.  आता म्हातारा चिडणार, घरी जाऊन पुन्हा अंथरूण धरणार, असे दामोदरला वाटले. वैद्यबुवा मान वर न करता खलात काहीतरी कुटत होते.

ओसरीखालून दोन वाटा फुटत होत्या. डावी तांबट आळीकडे, घरी जाणारी. उजवी उतारावरून बाजारतळाकडे. नारोने पागोटे सारखे केले, वहाणा पायांत घातल्या, आणि तो उजवीकडे चालू लागला.