नाकावरचा अर्धा बॉम्ब

देवाशपथ, ही गोष्ट खरी आहे. म्हणजे निदान टेबल तरी खरं होतं. त्यावर फार पूर्वी रघुवीरकाका महायुद्धातल्या बॉम्बफेकी विमानाचं मॉडेल रंगवत होते. खऱ्या विमानाने केलेल्या प्रत्येक हल्ल्यामागे मॉडेलच्या नाकावर एक पिवळा बॉम्ब काढायचा मान सगळ्यात बारीक ब्रशला मिळाला होता. टोक गेलेला ब्रश डिंकाच्या बाटलीत जायचा, म्हणून तो टोकाला फार जपे.

"बघ लेका, केवढा तुझा पराक्रम!" ब्रश म्हणाला.

"खाली कोण होतं रे, दादा?" विमानाने विचारलं.

"मला काय ठाऊक? खोक्यावरच्या चित्रात फक्त तूच आहेस."

"मग ठाऊक नसताना कशाला मिरवतोस?"

 तेव्हा ब्रशने आपणहून टोकाचे केस पिंजारले. काकांनी ओठांत धरून टोक काढून पाहिलं, पण येईना. शेवटचा बॉम्ब अर्धाच राहिला.

विमान बोललं ही माझी थाप. अर्धा बॉम्ब मात्र खरा आहे, आणि ब्रश डिंकाच्या बाटलीत आहे.