निळ्या गाडीची निवड

गाड्या माणसांशी मोकळेपणानं बोलत, त्या काळची ही गोष्ट. वाईच्या शर्वाणीकडे दोन दारांची एक निळी, चपळ गाडी होती. एकदा तिला गॅरेजात आणून शर्वाणी म्हणाली, "पैसे बेताचेच आहेत गं. एकच वस्तू घेता येईल. तूच निवड."

गाडीला भारी कुतूहल. फळीवरच्या चकचकीत सायलेन्सरला तिनं विचारलं, "तू मला काय देशील?"

"आवाज! सगळं गाव वळून बघेल."

"आणि वेग?"

"वेगासारखा आवाज," सायलेन्सर जरा हळू बोलला.

डिकीवर बसवायचा पंख म्हणाला, "मी तुला रस्त्यावर दाबून धरीन. फक्त तू सुसाट पळायला हवंस."

"घाटातल्या वळणांवर?"

"तिथं कुठला सुसाट वेग! तिथं मी नुसता शोभेचा," पंखानं कबूल केलं.

कोपऱ्यात नवे टायर होते. "आम्ही रस्ता घट्ट धरतो," ते म्हणाले, "पण आमच्यामुळे तू काही देखणी दिसणार नाहीस."

गाडीनं स्वतःचे झिजून गुळगुळीत झालेले टायर पाहिले. मन सायलेन्सरकडे ओढत होतं, तरी ती म्हणाली, "हेच घेऊ."

दुसऱ्या दिवशी पसरणी घाटात धुकं होतं, रस्ता ओला होता. एका वळणावर अचानक पिल्लाला पोटाशी धरलेली वानरी समोर आली. शर्वाणीनं करकचून ब्रेक दाबला. गाडी जराही न घसरता वानरीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. वानरीनं दोघींकडे एकदा पाहिलं आणि कठड्यावर उडी घेतली.

"काय थांबलीस गं!" शर्वाणी पुटपुटली.

"काय पळतेस गं" हे गाडीनं पुष्कळदा ऐकलं होतं. हे कौतुक मात्र तिला अगदी नवं होतं.