ठिणगी मुंगी आणि ओरडणारा डबा

एक होती मुंगी. एवढीश्शी. अर्ध्या तिळाएवढी. नाव तिचं ठिणगी.

ठिणगीला सापडला साखरेचा दाणा. पहिलावहिला. तिचा स्वतःचा! तिने तो उचलला आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

इतक्यात आला बूट.

थाड! थाड! थाड!

ठिणगी सुर्रकन बाजूला. बूट दाण्यावर. चुर्रर्र!

दाण्याचं झालं पीठ.

बूट होता आप्पांचा. आप्पा रोज घरापुढच्या ओट्यावरून जायचे. मान वर, मिशा वर. खाली कध्धी बघायचे नाहीत.

"ओ आप्पा! माझा दाणा द्या!" ठिणगी ओरडली.

पण मुंगीचं ओरडणं ते केवढं? आप्पांना काही ऐकूच आलं नाही. गेले निघून. थाड! थाड! थाड!

बाकीच्या मुंग्या म्हणाल्या, "जाऊ दे गं. बूट मोठा, आपण छोट्या. असंच असतं."

"असंच का असतं?" ठिणगी म्हणाली. "बूट थांबलाच पाहिजे. माझा दाणा मिळालाच पाहिजे!"

आणि निघाली की. तुरुतुरु, तुरुतुरु.

घरात होतं एक टेबल. टेबल कुणाचं? आप्पांच्या लेकीचं, कुंदाताईचं. कुंदाताई बिघडलेल्या वस्तू नीट करायची. टेबलावर हा पसारा!

पसाऱ्यात होता भोंगा. जुन्या रेडिओतला.

ठिणगी म्हणाली, "भोंग्या, भोंग्या, ओरड!
बूट थांबेना,
मुंगी हटेना!"

भोंगा म्हणाला, "मी नाही ओरडत, जा! पाटी बोलली, तर मी ओरडीन."

ठिणगी गेली पाटीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पाटी हिरवीगार. मोडक्या बोलक्या बाहुलीच्या पोटातली. तिच्यात आवाज साठतो.

"पाटी, पाटी, बोल!
भोंगा ओरडेना,
बूट थांबेना,
मुंगी हटेना!"

पाटी म्हणाली, "मी नाही बोलत, जा! डोळ्याने बघितलं, तर मी बोलीन."

ठिणगी गेली डोळ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. डोळा पांढरा, गोल. समोर कुणी हललं, की त्याला बरोब्बर कळतं.

"डोळ्या, डोळ्या, बघ!
पाटी बोलेना,
भोंगा ओरडेना,
बूट थांबेना,
मुंगी हटेना!"

डोळा म्हणाला, "मी नाही बघत, जा! सेलने भरवलं, तर मी बघीन. उपाशीपोटी कोण बघतं?"

ठिणगी गेली सेलकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. सेल लोळत होता. गडगड इकडे, गडगड तिकडे.

"सेला, सेला, भरव!
डोळा बघेना,
पाटी बोलेना,
भोंगा ओरडेना,
बूट थांबेना,
मुंगी हटेना!"

सेल म्हणाला, "मी नाही भरवत, जा! वायर जुळली, तर मी भरवीन."

ठिणगी गेली वायरकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. वायर लाल लाल. वेटोळं घालून बसलेली.

"वायर, वायर, जुळ!
सेल भरवेना,
डोळा बघेना,
पाटी बोलेना,
भोंगा ओरडेना,
बूट थांबेना,
मुंगी हटेना!"

वायर म्हणाली, "मी नाही जुळत, जा! डाख वितळला, तर मी जुळीन."

ठिणगी गेली डाखाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. डाख म्हणजे चांदीसारखी तार. गरम झाली की वितळते, गार झाली की चिकटवते.

"डाखा, डाखा, वितळ!
वायर जुळेना,
सेल भरवेना,
डोळा बघेना,
पाटी बोलेना,
भोंगा ओरडेना,
बूट थांबेना,
मुंगी हटेना!"

डाख म्हणाला, "मी नाही वितळत, जा! गन तापली, तर मी वितळीन."

ठिणगी गेली गनकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. गन म्हणजे डाख वितळवायचं हत्यार. तिला लांब चोच. तापली की चटका! तिला ताईच हात लावते. आपण नाही हं!

"गन, गन, ताप!
डाख वितळेना,
वायर जुळेना,
सेल भरवेना,
डोळा बघेना,
पाटी बोलेना,
भोंगा ओरडेना,
बूट थांबेना,
मुंगी हटेना!"

गन म्हणाली, "मी नाही तापत, जा! ताईने ऐकलं, तर मी तापीन."

ठिणगी गेली कुंदाताईकडे. "ताई!" ताई ऐकेना. "ए ताई!" ताई मिक्सर उघडत होती. खुडबुड खुडबुड. "ए ताईऽऽ!" छे!

ठिणगी थोडीच गप्प बसणार? टेबलावर होतं एक भिंग. बारीक गोष्टी मोठ्या दाखवणारं. ठिणगी गेली ती थेट भिंगाखाली उभी राहिली.

"अगं बाई!" कुंदाताई दचकली. "केवढी ही मुंगी!"

"मोठी नाही, छोटीच आहे!" ठिणगी म्हणाली. "कान जवळ आण. ऐक!
गन तापेना,
डाख वितळेना,
वायर जुळेना,
सेल भरवेना,
डोळा बघेना,
पाटी बोलेना,
भोंगा ओरडेना,
बूट थांबेना,
मुंगी हटेना!"

कुंदाताई हसली. "मुंगीसाठी कुणी भोंगा जोडतं का? लोक हसतील मला."

"हसू देत!"

"नवं सामान नाही माझ्याकडे."

"जुनं आहे ना? हे काय, सगळं इथेच पडलंय!"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी इथेच उभी. उद्या पण. परवा पण."

कुंदाताईने मिक्सर बाजूला ठेवला. "बरं बाई. तू हटेनास, मग मीच ऐकते!"

ताईने ऐकलं, तशी गन तापली. सुंऽऽ!
गन तापली, तसा डाख वितळला. चर्र!
डाख वितळला, तशी वायर जुळली. चिकट!
वायर जुळली, तसा सेल बसला आपल्या खाचेत. खट्!
आणि मग...

काहीच नाही.

डोळा बघेना. पाटी बोलेना. भोंगा ओरडेना.

ठिणगी चढली सेलवर. गेली या टोकाला. आली त्या टोकाला. "ताई, याचं डोकं खाली आणि पाय वर!"

कुंदाताईने कपाळाला हात लावला. "सेल उलटा घातला की मी!"

सेल केला सुलटा. खट्!
सेलने भरवलं, तसा डोळा बघू लागला. टुक टुक!

"आता पाटीत आवाज भरू," ताई म्हणाली. "मी बोलते हं."

"तू नाही," ठिणगी म्हणाली. "माझं मी बोलीन."

ताईने पाटी धरली तिच्या तोंडाशी. ठिणगीने घेतला मोठ्ठा श्वास. आणि बोलली. मग ताईने आवाजाचं बटण फिरवलं. गर्रर्र! अगदी शेवटपर्यंत.

मग सगळं बसवलं एका डब्यात. डबा ठेवला ओट्यावर. ठिणगी उभी राहिली डब्यापुढे. मागे सगळ्या मुंग्या. रांगेत.

आले आप्पा. थाड! थाड!

डोळ्याने बघितलं, तशी पाटी बोलली. पाटी बोलली, तसा भोंगा ओरडला,

"थांबा! खाली बघा!"

आप्पांचा एक पाय राहिला वरच्या वर. "कोण ते? कुंदे, तू ओरडलीस?"

"मी नाही, आप्पा!"

आप्पांनी पाय हलवला.

"थांबा! खाली बघा!"

आप्पांनी हात हलवला.

"थांबा! खाली बघा!"

आप्पांनी नुसत्या मिशा हलवल्या. मिशांना डोळा सोडतो होय?

"थांबा! खाली बघा!"

"अरे, बघतो, बघतो!" आप्पा एका पायावर लटलटत म्हणाले. आणि त्यांनी बघितलं. खाली.

"अरेच्चा! एवढ्या जणी? रोज इथूनच जाता?"

"रोज!" ठिणगी म्हणाली. "आणि तुम्ही माझा दाणा चिरडलात. तो द्या!"

आप्पा वाकले. आणखी वाकले. गुडघ्यावर बसले. मग गेले घरात आणि आले मूठभर साखर घेऊन. "घे गं, सगळी घे!"

"मूठ नको," ठिणगी म्हणाली. "माझा एकच गेला. एकच घेईन."

तिने एक दाणा निवडला. चांगला टपोरा. उचलला आणि निघाली, ओट्याच्या अगदी मधून. तुरुतुरु, तुरुतुरु.

मुंग्यांची रांग संपेपर्यंत आप्पा थांबले. मगच पुढे गेले. हळू... हळू... हळू.

मुंगी गेली दाणा घेऊन,
आप्पा गेले वाट देऊन,
आता तुम्ही चाला बघू
पाऊल जरा जपून ठेवून!